दूध वर येईपर्यंत

प्रांजलचं दिवसकार्य उरकलं आणि दुसऱ्या दिवसापासून शेलारांच्या घरी रोज सकाळी, मालिकेआधी लागतं तसं, ओपनिंग लागू लागलं.

प्रांजलची आई वैजयंता गॅसवर दूध ठेवी. त्यावर साय धरू लागली, की स्वयंपाकघराची मागची भिंत पडद्यासारखी बाजूला सरे आणि आतून वारा येई. वाऱ्याबरोबर बुचाची पांढरी फुलं येत. इमारतीच्या दारात बुचाचं झाड होतं खरं, पण ते काही तेव्हा फुललेलं नव्हतं. मग कुठूनतरी ढोल आणि बासरी एकदम सुरू होत, हवेत पांढरी अक्षरं उमटून विरून जात. ठेका पडला की ज्यानं त्यानं जागच्या जागी मान वळवायची. वैजयंता मान वळवी. तिचा नवरा आनंदा, गालावर दाढीचा फेस तसाच, मान वळवी. खालच्या मजल्यावरच्या मुल्लाणीभाभीही गॅलरीत मान वळवत, कारण त्याही त्यात होत्या.

मग बोळ लांबू लागे. एरवी ती बाथरूमपासून दारापर्यंतची, दोन माणसं समोरासमोर आली तर अंग चोरावं लागेल एवढीशी. पण त्या वेळी ती लांबत लांबत कृष्णा-कोयनेच्या संगमापर्यंत जाई, आणि त्या टोकाकडून प्रांजल पळत येई. कॉलेजचा ड्रेस, खांद्यावर सॅक, केस मोकळे. वैजयंता हात पुढं करी. प्रांजलही हात पुढं करी. दोघींच्या हातांत दोन बोटांचं अंतर उरे, आणि तेवढ्यात दूध वर येई. कुणालाच वाचता येऊ नये असं एक नाव मोठ्या अक्षरांत झळके, भिंत जागेवर बसे, आणि दिवस सुरू होई.

"वैजू, तुमच्या वाऱ्यानं आज माझ्या शेवया उडवल्या की गं," मुल्लाणीभाभी जिन्यात म्हणाल्या.

"वाळत घातल्या होत्या होय?"

"मग काय डोक्यावर घेऊन बसू? जाऊ दे. पोरगी दिसली, भरून पावलं. केस तेवढे विंचरले नव्हते बघ तिनं."

"कधी विंचरायची ती?" वैजयंता म्हणाली, आणि दोघी थोडं हसल्या.

हे सगळं प्रांजलनंच शिकवलेलं. आईच्या मांडीवर डोकं टाकून ती मोबाईलवर जपानी चित्रं बघायची. वैजयंता कार्टून म्हणाली की चिडायची. "कार्टून नाही गं, ॲनिमे." आणि गोष्टीपेक्षा आधीचं गाणंच, ते ओपनिंग, पुन्हा पुन्हा लावायची.

"सगळी पळतात कशाला पण? कुठं आग लागलीय?"

"ओपनिंगमध्ये पळायचंच असतं, आई."

"आणि हे पोरगं काल मेलं की. रडून उशी भिजवलीस."

"गोष्टीत मेला. ओपनिंगमध्ये नाही. गाणं बदलेपर्यंत तो पळतोच. तेच तर भारी असतं. चांगलं ओपनिंग म्हणजे कसं, पुढं काय व्हायचंय ते सगळं आधीच दाखवून टाकायचं, आणि बघणाऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही. मग शेवट झाला की परत लावायचं. तेव्हा कळतं, आणि रडू येतं."

"आणि ह्या दोघांचे हात भेटत का नाहीत?"

"भेटले की संपलं. मग कोण बघेल?"

वैजयंतानं तिच्या केसांतून बोटं फिरवली. "आमच्या आजीचं जात्यावर असंच असायचं. पहिली ओवी देवाला, दुसरी गावाला, मग एकेक माणूस घ्यायचं. जितं, मेलेलं, नांदायला गेलेलं. ओवीत सगळी यायचीच."

"आणि स्किप करायचं असलं तर?"

"जातं कुठं स्किप होतंय? पीठ कोण देईल, तुझा बाप?"

बापाला मात्र ओपनिंग बघवत नसे. फ्रिजशेजारच्या बोर्डावर पंखा आणि ट्यूबच्या मध्ये स्किपचं एक नवं बटण आलं होतं. बोळ लांबू लागली की आनंदा ते दाबी. दाबलं की तो तेवढा पुढं जाई. घरातून नाहीसा होऊन दूध संघाच्या टँकरवर बसलेला असे, टोलनाक्याच्या पलीकडं, गालावरचा फेस वाळून पांढरा झालेला. लेक गेल्यापासून त्यानं तिला एकदाही पाहिलं नव्हतं.

श्रावण सरत आला तेव्हा एका सकाळी भिंत सरली आणि पलीकडं एक बाई उभी दिसली. गळ्यात शिंप्यासारखी टेप, चपला हातात. तिनं वाऱ्याचं माप घेतलं, बोळीचं घेतलं, वैजयंताच्या खांद्याचंही घेतलं.

"गाणं बदलायचंय," मापवाली म्हणाली.

"का?"

"बदलतात. हंगाम संपला. नव्या गाण्यात तुम्ही असाल, तुमचे मालक असतील, खालच्या भाभी असतील."

"आणि ही?" पळत येणाऱ्या प्रांजलकडं वैजयंतानं बोट केलं.

"ती गोष्टीत नाही."

"तुम्हाला दिसते की."

"मला दिसते. मी मापं घेते." मापवालीनं टेप गुंडाळली. "आभाळात चेहरा ठेवता येईल. पुसट, हसरा. तसा ठेवतात."

"माझी पोर आभाळात नको," वैजयंता म्हणाली. "तिला पळायला आवडतं."

"उद्यापासून थोडं थोडं कापत नेऊ. म्हणजे एकदम लागत नाही."

त्या दिवसापासून बोळ आखूड येऊ लागली. संगमापर्यंत जाणारी बोळ बस स्टँडपर्यंतच जाऊ लागली, मग बुचाच्या झाडापर्यंत, मग जिन्याच्या वळणापर्यंत. धावायला जागाच उरेना. प्रांजल पाऊल उचली न उचली तोच दूध वर येई. वैजयंतानं पातेल्यात पाणी घातलं, गॅस मेणबत्तीएवढा केला. दूध ऐकेना. फुलंही मोजकी पडू लागली. एके दिवशी प्रांजल नुसती उंबऱ्यात उभी राहिली, धाप लागल्यासारखी, पळायचं कुठं ते न कळून.

"बाई," वैजयंतानं मापवालीला हाक मारली, "नवं गाणं मी दिलं तर? ओवी दिली तर? ओवीत मेलेलं माणूस चालतं."

मापवालीनं विचार केला. "ओवीत चालतं," ती म्हणाली. "ज्याचं गाणं, त्यानं माणसं सांगायची. पण गाणारं माणूस चित्रात नसतं."

"मग तिच्यापुढं हात कोण करील?"

"ते गाणाऱ्याच्या हातात नसतं."

संध्याकाळी आनंदा जेवायला बसला. वैजयंतानं भाकरी वाढली आणि तव्याकडं बघतच म्हणाली, "उद्या मी नसणार चित्रात. नुसता आवाज असेल. तुम्ही बटण दाबू नका."

"मला न्हाई बघायचं."

"लेक आहे तुमची."

"म्हणूनच." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच धरून ठेवला. "मी निघालो तेव्हा दारात येऊन म्हणाली, 'पप्पा, लवकर या.' आलो तर झाकलेली. माझ्यापाशी ती दारातलीच हाय, वैजू. पळताना बघितली तर ही दारातली पण जायची."

"न्हाई गेली तर?"

आनंदानं पाण्याचा तांब्या उचलला, खाली ठेवला, आणि न जेवताच हात धुतले.

सकाळी वैजयंतानं दूध गॅसवर ठेवलं आणि आज आधीच सरलेल्या भिंतीपलीकडं जाऊन बसली. मापवालीनं पाट मांडून ठेवला होता. बसल्यावर वैजयंतानं मांडीकडं पाहिलं तर मांडी नव्हती. हातातल्या बांगड्या नव्हत्या, हातही नव्हते. गळा तेवढा राहिला होता. दुधावर साय धरली. तिनं सूर लावला.

*पहिली गं माझी ओवी, दारीच्या बुचाला,*
*फूल पडू दे सावकाश, माझ्या लेकीच्या केसाला.*

फुलं आली. बाहेरच्या झाडावर एकही नव्हतं, आणि घरात ती गुडघाभर झाली.

*दुसरी गं माझी ओवी, जिन्याच्या पायरीला,*
*ठेच नको लागू देऊ, माझ्या धावत्या हरिणीला.*

बोळ लांबली. जिना ओलांडून, बूच ओलांडून, स्टँड मागं टाकून ती थेट संगमापर्यंत गेली, आणि पाण्याच्या कडेवरून प्रांजल निघाली. ठेका पडला. मुल्लाणीभाभींनी मान वळवली. शेवया त्यांनी आज आतच ठेवल्या होत्या. आनंदानं मान वळवली. गालावर फेस होता. उजव्या हाताचं बोट बटणावर होतं.

प्रांजल जवळ आली. रोजच्या जागी तिनं हात पुढं केला. तिथं कुणीच नव्हतं. तिनं इकडंतिकडं पाहिलं, पण पाय थांबवले नाहीत. ओपनिंगमध्ये पळायचंच असतं.

*तिसरी गं माझी ओवी, तिच्या बापाच्या हाताला,*
*दगडाचा न्हाई बाप, ठावं माझ्या जिवाला...*

आनंदाचा डावा हात उठला. उजव्याचं बोट बटणावरून ढळलं नव्हतं, आणि डावा हात फुलांमधून, जड वस्तू उचलावी तसा, वर येत होता. त्यानं पाहिलं. प्रांजलनं पाहिलं. दोघांच्या हातांत दोन बोटांचं अंतर राहिलं.

वैजयंताचा श्वास संपत आला होता. तो घ्यावा तर गाणं तुटतं. ओवी पुरी करावी तर हात भेटतात, आणि भेटले की संपलं. तिनं शेवटचं अक्षर धरून ठेवलं. हवेत पांढरी अक्षरं उमटू लागली आणि अर्ध्यावरच थांबली. गॅसवर दूध पातेल्याच्या काठापर्यंत आलं, आणि काठावर उभं राहिलं.