अर्धी भिंत

आवडाबाईच्या मांडणीवरचा तांब्या आधी खाली आला. मग पातेली आली, मग देवीचा फोटो. फोटोची काच पायाशी फुटली तेव्हा तिनं हातातलं घमेलं टाकलं आणि मधल्या भिंतीला कान लावला. पलीकडून पहारीचे घाव पडत होते. एकेका घावाला इकडची माती उडून तिच्या तोंडावर येत होती.

पलीकडे तिचा दीर चंदू राहायचा. बायकोला त्यानं सकाळीच मोहने गावी माहेरी धाडलं होतं. तेव्हाच आवडाबाईला वास यायला हवा होता, पण ती विटांच्या नादात होती.

दिवा गावच्या खाडीकाठचं ते घर सासऱ्याचं. तो गेल्यावर पंच बसले आणि घराचे दोन भाग केले. जाळी वाटली, भांडी वाटली, होडी आवडाबाईच्या नवऱ्याला, थोरल्या दामाजीला आणि अंगणातली आंब्याची झाडं धाकट्या चंदूला दिली. मधल्या भिंतीपाशी मात्र पंचांचं डोकं चालेना. भिंत जुनी, दगडमातीची, हातभर जाड. शेवटी एक जण बोलला, "मदली भिंत दोगांची, अर्दी अर्दी." तेवढं बोलून सगळे चहाला गेले. पंचांचं काय जातं बोलायला!

बाकीच्या भिंती कुडाच्या. त्या कुजून भुगा झाल्या होत्या आणि गेल्या साली त्यातून घोणस आत येऊन आवडाबाईच्या उशाशी बसली होती. त्या दिवसापासून तिनं पक्क्या घराचं मनावर घेतलं. पैका थोडा, म्हणून युक्त्या फार. डोंबिवलीत मासळी विकायला जायची तिथं एक बंगला पाडत होते. तिथल्या विटा तिनं उचलल्या, घरी आणून कोयत्यानं एकेकीचा चुना खरवडला. मधली भिंत आहेच, म्हणून तीनच बांधायच्या ठरल्या. त्याच बंगल्याचं सागवानी दारही तिनं आणलं. दारावर पितळेचं बटण आणि खाली पाटी, 'बेल वाजवावी'. वाड्यात वीज धड येत नव्हती, बेल कसली वाजणार! बाया हसल्या. आवडाबाईनं पाटी काढली नाही. दार अजून बसायचं होतं, अंगणात आडवं ठेवलं होतं.

चंदूला हे सगळं सलत होतं. मानपाड्याचा एक बिल्डर त्याच्यामागे लागला होता, जागेच्या बदल्यात फ्लॅट देत होता. पण त्याला जागा अख्खी हवी होती, अर्धी नको. दामाजीचं घर विटांचं झालं की बिल्डर दुसरीकडे जाणार आणि चंदूचा फ्लॅट खाडीत बुडणार.

आवडाबाई धावत पलीकडे गेली. चंदू कमरेला टॉवेल गुंडाळून घामानं निथळत होता. भिंतीचे त्याच्या अंगाचे निम्मे दगड त्यानं उपसून काढले होते.

"ए चंदू! डोकं फिरलं कं तुजं? माजं घर पाडतंस?"

"तुजं कं पाडू? मी माजी अर्दी भिंत काढतंय. तुजी अर्दी तुला ठेवतंय."

"अर्द्या भिंतीवर घर ऱ्हाईल कं रं, मेल्या?"

"नाय ऱ्हायलं त पडंल. मना कं त्याचं!"

आवडाबाईनं पहार धरली. चंदूनं हिसडा दिला. ती सोडेना. तेव्हा त्यानं पहारीची मूठच तिच्या तोंडावर मारली. तिचा पुढचा दात तुटला आणि पोलक्यावर रक्त गळायला लागलं.

"तू कोन गो मदी बोलनारी?" चंदू ओरडला. "घर माजे बापाचं. तू परक्याची पोर!"

ती त्या घरात नांदायला आल्यापासून हाच चंदू तिच्या हातचं जेवून मोठा झाला होता. तोंडाच्या रक्तापेक्षा तो शब्द तिला जास्त लागला. तिनं खालचा दगड उचलून त्याच्या छातीत घातला.

दामाजी खाडीवरून येत होता. बायकोचं लाल तोंड त्यानं पाहिलं आणि खांद्यावरचं वल्हं तसंच भावाच्या पाठीत हाणलं. तसा दामाजी मवाळ माणूस, कोंबडी कापताना तोंड फिरवणारा. पण त्या दिवशी त्याच्या अंगात काय शिरलं कोण जाणे! दोघं भाऊ अंगणात आले, चिखलात पडले. चंदूनं त्याचा कान दातात धरला. दामाजीनं त्याचं डोकं विटांच्या ढिगावर आपटलं, पुन्हा आपटलं. सगळा वाडा गोळा झाला, पण सोडवायला कोणी पुढे येईना.

"घरातला मामला हाय," शेजारचा दगडू बोलला आणि विडी पेटवून उभा राहिला.

"मारू नुको, मरंल तो!" शेवटी आवडाबाईच ओरडली. नवऱ्याचे केस धरून तिनं त्याला मागे ओढलं.

चंदू उठला. डोळ्यावर रक्त उतरलं होतं. सरळ आपल्या घरात शिरला, पहार घेतली आणि भिंतीच्या माथ्याला घालायला लागला.

"चंदू, वर बग! वर तुजं आढं हाय!" आवडाबाईचा आवाज फाटला.

छपराचं आढं दोन तुकड्यांचं होतं. दोन्ही तुकड्यांची टोकं मधल्या भिंतीवर टेकलेली, दामाजीचं दामाजीच्या अर्ध्यावर, चंदूचं चंदूच्या अर्ध्यावर. वैरापायी आंधळा झालेला माणूस, आपल्याच आढ्याखालचे दगड काढत होता. पुढच्या घावाला आढं सुटलं. वासे, कौलं सगळं त्याच्या अंगावर आलं. इकडे दामाजीचं छप्पर करकरलं, पण उभं राहिलं.

कौलांखालून बाहेर काढला तेव्हा चंदूचा उजवा पाय गुडघ्याखाली उलटा फिरला होता. हाड बाहेर आलेलं. उचलायचं कशावर? लोक इकडेतिकडे बघायला लागले.

"बगता काय? माज्या दारावर घ्या त्याला," आवडाबाई बोलली.

सागवानी दारावर घालून त्याला होडीत ठेवलं. एका हातानं फाटका कान दाबून दामाजीनं दुसऱ्या हातानं वल्हं मारलं, दगडूही आता लाजून दुसऱ्या वल्ह्याला बसला, आणि खाडीनं ठाण्याचा सरकारी दवाखाना गाठला. पाय कापावा लागला.

दार परत आलं ते रक्त पिऊनच. आवडाबाईनं राखेनं घासलं, डाग गेला नाही. तसंच बसवलं. बाजूला विटांच्या तीन भिंती उभ्या राहिल्या, आणि मधल्या अर्ध्या भिंतीलाही तिनं उरलेल्या विटांचा आधार दिला.

बिल्डरनं तोंड दाखवलं नाही. चंदूची बायको मोहन्याहून परतली नाही. एका सकाळी चंदू कुबडी टेकत अंगणात आला. घराच्या त्याच्या बाजूला कौलांचा ढीग आणि त्यावर वाढलेलं गवत. तो दारापाशी थांबला. दार उघडंच होतं. आवडाबाई आत मासळी कापत होती. त्याला बघून ती उठली, त्याच्या तोंडावर दार लावलं आणि आतून कडी घातली.

"वयनी..."

"पाटी वाच."

त्यानं बटण दाबलं. आवाज कसला येणार! तो पुन्हा दाबून उभा राहिला.

"कोन हाय?" आतून आवाज आला.

"मी चंदू."

"कोन चंदू? मी परक्याची पोर. मना कं ठावं?"

 बाहेर कुबडी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला.

"तुज्या घरातला हाय गो, वयनी," चंदू बोलला आणि रडायला लागला.

आवडाबाईनं कडी काढली. तिच्या हातात कोयता होता, मासळीच्या खवल्यांनी भरलेला. तो तिनं खाली ठेवला नाही. दुसऱ्या हातानं पाट पुढे सरकवला.

"बस," ती बोलली. "भिंतीला टेकू नुको."