रविवारची गाडी

दोघी बहिणी एकाच रेल्वेमार्गाच्या दोन टोकांना राहत होत्या. थोरली पडदे शिवायची. शेवटच्या स्थानकासमोर एका बेकरीच्या वर तिच्या दोन खोल्या होत्या. तिथेच तिचं घर आणि तिथेच दुकान. धाकटी शहरात चष्म्यांच्या दुकानात कामाला होती. मागच्या खोलीत उभं राहून दिवसभर भिंगं घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची. थोरलीला सगळे ताई म्हणत, अगदी गिऱ्हाइकंसुद्धा. धाकटीची पन्नाशी उलटली होती, पण ताईच्या तोंडी ती अजून बाळीच होती. आपणही तिला बाळीच म्हणू.

बाळीला सुट्टी फक्त रविवारी, आणि नेमकी रविवारीच त्या मार्गावर गाडी नसायची. बसने जायचं तर मध्ये उतरून दुसरी बस धरावी लागे, आणि ती दुसरी कधी येईल हे तिच्या ड्रायव्हरलाही माहीत नसे. त्यामुळे दोघींचं फोनवरचं बोलणं वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी येऊन थांबायचं.

"रविवारी गाडी असती ना ताई, तर दर आठवड्याला आले असते."

"माहीत आहे गं. गाडीच नाही, तर तू तरी काय करणार."

दोघी अगदी मनापासून हे बोलायच्या आणि समाधानाने फोन ठेवायच्या.

मग एका वसंतात नवं वेळापत्रक आलं. बातमी ताईला आधी कळली, कारण खालचा बेकरीवाला स्टेशनच्या कँटीनला पाव द्यायचा आणि स्टेशनातलं काहीही त्याच्याकडून सुटत नसे. ताईने भर कामाच्या वेळी बाळीला फोन केला.

"बाळे, ऐकलंस का? रविवारी गाडी सोडताहेत. सकाळी एक, संध्याकाळी एक. दोन्ही बाजूंनी."

"खरं सांगतेस?"

"मी कशाला खोटं सांगू? भिंतीवर कागद लावलाय म्हणे. आता ये बाई."

पहिल्याच रविवारी बाळी गेली. ताईने घर असं आवरलं होतं की बाळीला आत पाऊल टाकताना चप्पल कुठे काढावी कळेना. शिलाई मशीन चादरीखाली झाकलेलं. कधी वापरात नसलेले निळ्या काठाचे कप टेबलावर मांडलेले. उशांना नवे अभ्रे. पोटभर जेवण झालं. खिडकीतून ऊन सोफ्यावर येत होतं. बाळी आठवडाभर उभी असायची. ती जरा पाठ टेकायला म्हणून बसली आणि तिचा डोळा लागला. जागी झाली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. ताई समोरच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसली होती. परतीच्या गाडीला थोडाच वेळ उरला होता.

"झोपायलाच यायचं होतं, तर तुझं घर काय वाईट होतं," ताई म्हणाली.

"अगं, दमले होते. उठवायचं ना."

"पाहुण्याला कोण उठवतं."

पाहुणा हा शब्द बाळीला झोंबला. "पाहुण्यासारखंच तर ठेवलंस," ती म्हणाली. "कपाला हात लावायची भीती वाटत होती." पुढे शब्दाला शब्द वाढला. बाळी वेळेच्या बरीच आधी निघाली आणि रिकाम्या फलाटावर पिशवी धरून बसून राहिली.

पुढच्या रविवारी बाळीचं डोकं दुखत होतं. त्याच्या पुढच्या रविवारी ताईकडे हॉटेलच्या पडद्यांची मोठी ऑर्डर होती.

"राहू दे मग," बाळी म्हणाली.

"राहू दे. गाडी काय, आता दर रविवारी आहेच," ताई म्हणाली.

पूर्वी भेट होत नव्हती तर त्याचा दोष रेल्वेचा होता. आता तो घरी येऊन बसला होता. फोन आखूड झाले. हवापाणी विचारून झालं की दोघींना बोलायला काही सुचेना.

तिसरा रविवार असा कोरडाच गेला, तेव्हा पुढच्या शनिवारी रात्री बाळीने ठरवलं की पुरे झालं. न सांगता जायचं. सांगितलं तर ताई पुन्हा कप काढून बसेल. तिने ताईला आवडतात तशी जरा कच्ची नाशपाती घेतली आणि सकाळची गाडी धरली. डब्यात पाचसात माणसं होती. मधल्या स्थानकात गाडी बराच वेळ थांबली. एकेरी मार्ग असल्यामुळे समोरून येणारी गाडी इथे येऊन पलीकडे उभी राहायची, मग दोन्ही आपापल्या वाटेने निघायच्या. बाळी तेव्हा पिशवीतून घरंगळलेलं एक नाशपाती पुसत होती. तिने मान वर केली तोवर पलीकडची गाडी सुटलीसुद्धा होती.

बेकरीच्या बाजूचा जिना चढून तिने बेल वाजवली. पुन्हा वाजवली. मग फोन लावला.

"ताई, दार उघड."

"मी कशी उघडू? तूच उघड. केव्हाची बेल वाजवतेय मी. झोपली आहेस का?"

"कुठली बेल?"

"तुझी. आणखी कुठली?"

बाळीला फोनमधून तिच्याच इमारतीच्या लिफ्टचा खडखडाट ऐकू आला.

"बाळे," ताईने हळूच विचारलं, "तू आहेस कुठे?"

"तुझ्या दारात."

"अरे देवा."

बाळीला असं हसू फुटलं की ती जिन्यातच बसली. फोनमध्ये ताईसुद्धा हसत होती, आणि हसता हसता "मूर्ख, दोघीही मूर्ख," असं म्हणत होती. तीन आठवड्यांचं अडलेलं सगळं त्या हसण्यात वाहून गेलं असतं, पण तेवढ्यात ताईला काहीतरी आठवलं आणि तिचा आवाज बदलला.

दोन वर्षांपूर्वी ताई न्हाणीत घसरून पडली होती, तेव्हापासून दोघींनी एकमेकींकडे घराची जादा किल्ली देऊन ठेवली होती. संध्याकाळपर्यंत दुसरी गाडी नव्हती, तेव्हा किल्ली लावून आत बसायचं हे उघडच होतं.

"तू आत जाऊ नकोस," ताई म्हणाली. "खाली बेकरीत बस."

"दिवसभर बेकरीत? का पण?"

"घर आवरलेलं नाही."

"मी काय तुझं घर तपासायला आले का?"

"बाळे, ऐक माझं."

"ताई, मी किल्ली लावतेय. तूही लाव. फ्रिजमध्ये उकडलेली अंडी आहेत."

आत खरंच पसारा होता. कापडाचे तागे खुर्च्यांवर, दोऱ्यांचे तुकडे जमिनीवर, अर्धा प्यालेला चहा खिडकीत. बाळीला ते घर पहिल्या रविवारपेक्षा कितीतरी आवडलं. तिने पंखा लावला, नाशपाती ताटलीत ठेवली आणि मशीनच्या टेबलाशी आली.

टेबलावर दोन दिवे होते, दोन्ही भर दिवसा चालू राहिलेले. मशीनच्या सुईपुढे एक मोठं भिंग चिकटपट्टीने बांधलेलं होतं. टाचणगादीत सुयांची रांग होती, प्रत्येकीत वेगळ्या रंगाचा दोरा आधीच ओवलेला. बाळीने अर्धवट शिवलेला पडदा उचलला. शिवण डावीकडे गेली होती, उसवून पुन्हा घातली होती, पुन्हा उसवली होती. कापडावर जुन्या टाक्यांची भोकं राहिली होती. ताईची शिवण म्हणजे कशी, तर पट्टी ठेवून रेघ मारल्यासारखी. हॉटेलवाले इतक्या लांब तिच्याकडे येत ते त्यासाठीच.

दारावर टकटक झाली. बेकरीवाला होता, हातात कागदात गुंडाळलेला पाव.

"तुम्ही धाकट्या ना? चेहरा तोच आहे," तो म्हणाला. "ताई नाहीत? मी सुया बघायला आलो होतो. संपल्या असतील तर ओवून देतो. पिठात हात घालायच्या आधीच जमतं ते."

"रोज देता?"

"हिवाळ्यापासून. त्यात काय एवढं. त्या माझ्या दुकानाचे पडदे फुकट शिवतात."

तो गेल्यावर बाळी पुन्हा टेबलाशी आली. ती दिवसभर लोकांच्या चष्म्यांचे नंबर हाताळायची, आणि तिच्याच बहिणीला सुईचं नेढं दिसत नव्हतं. फोन वाजला.

"तुझे पडदे आखूड आहेत," ताई म्हणाली. "पडद्याखालून हातभर उजेड येतोय. इतकी वर्षं असेच लावलेत?"

"तूच शिवलेत ते."

"माप तू दिलंस. फोनवर, विती मोजून. मी काढलेत खाली, आता खाली पट्टी जोडून देते. कापड आहे का काही घरात?"

"ताई, सुया कोण ओवून देतं?"

"कोण म्हणजे? मी."

"बेकरीवाला वर येऊन गेला."

"त्याला रोज पाव पोचवायला सांगितलंय, तोंड चालवायला नाही."

"कधीपासून दिसत नाही?"

"दिसतं गं. धूसर दिसतं. सकाळी इथल्या स्टेशनातून एका पोरीला विचारून बाहेर पडले, एवढंच. पाटी वाचता आली नाही."

"मग मला सांगायला काय झालं होतं? माझं कामच हे आहे. इतके फोन केलेस, पावापासून पावसापर्यंत सगळं सांगितलंस."

आता ताईच्या आवाजात दटावणी नव्हती.

"फोनवर सांगितलं असतं तर तू हातातलं टाकून बस बदलत धावत आली असतीस. म्हटलं, रविवारची गाडी सुरू होतेय, तू येशील, समोर बसवून सांगू. त्या दिवशी सकाळपासून मनात वाक्यं जुळवत होते. मशीन झाकून ठेवलं, कारण आधी तुला ते भिंग दिसायला नको होतं. मग तू जेवलीस आणि झोपलीस. इतकी दमलेली दिसत होतीस की उठवावंसं वाटेना. मी बसून राहिले. तू उठलीस तेव्हा गाडीची वेळ झाली होती, आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं."

बाळी सोफ्यावर बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते ताईला कळू नये म्हणून तिने फोन जरा लांब धरला.

"रडतेस काय," ताई म्हणाली. "आज तेच सांगायला आले होते. तर तू इथे नाहीस."

"आता तिथून हलू नकोस. मी संध्याकाळच्या गाडीने येते. रात्री तिथेच राहा. उद्या डॉक्टर दुकानात बसतात, माझ्याबरोबर चल."

"आणि हॉटेलचे पडदे?"

"हॉटेलवाल्यांना काही दिवस उजेडात झोपू दे."

बाळीने दिवे बंद केले, चहाचा पेला विसळला, ताईचे चार कपडे पिशवीत भरले. पसारा मात्र तिने तसाच ठेवला. बेकरीवाल्याला सांगून ती निघाली, तेव्हा त्याने ताईसाठी म्हणून एक आणि गाडीत खायला म्हणून एक, असे दोन गोड पाव दिले आणि पैसे घेतले नाहीत.

गाडी शहरात पोचली तेव्हा दिवे लागले होते. घरी थांब म्हटलं होतं, पण ताई फलाटावर हजर होती. बाळी उतरली आणि तिला दिसलं की ताई आनंदाने हात हलवते आहे, फक्त बाळीकडे नाही. पुढच्या डब्यातून उतरलेली तेवढ्याच उंचीची एक बाई गोंधळून मागे बघत होती की हे हात करणं कुणासाठी आहे. मग त्या बाईनेही भिडेखातर हात केला. बाळी घाईने चालत गेली आणि तिने मागून ताईच्या दंडाला धरलं.

"मी इकडे आहे."

ताईने वळून तिचा चेहरा अगदी जवळून पाहिला. "मग ती कोण होती? बरी होती बाई, हसली माझ्याकडे," ती म्हणाली, आणि बाळीच्या हातातली जड पिशवी ओढून स्वतःकडे घेतली. घरापर्यंत दोघी ती पिशवी एकेका बंदाला धरून घेऊन गेल्या.

सोमवारी डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, दोन्ही डोळ्यांत. ताईने आधी डॉक्टरांशी वाद घातला की तुमच्या तक्त्यावरची अक्षरंच नीट छापलेली नाहीत. मग एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. ताई बाळीकडे महिनाभर राहिली. त्या महिन्यात दोघी डाळ किती शिजवायची यावरून भांडल्या, नळ ठिबकतो त्यावरून भांडल्या, आणि बाळी कामावरून आली की ताई आधी तिला खुर्चीत बसवायची. पट्टी निघाल्यावर ताईने घर डोळे भरून पाहिलं आणि लगेच जुना टॉवेल मागून घेतला, कारण तिला पहिल्यांदाच खिडक्यांच्या काचा दिसल्या होत्या. आखूड पडद्यांना तिने खालून वेगळ्याच रंगाची पट्टी जोडली. ती काही शोभली नाही, पण काढली कोणीच नाही.

डॉक्टरांनी मशीनवर बसायची परवानगी दिली, त्या रविवारी बाळी तिला पोचवायला निघाली. सकाळची गाडी, डब्यात नेहमीची पाचसात माणसं. ताई खिडकीशी बसली आणि स्थानक आलं की पाटी मोठ्याने वाचू लागली. पाटी झाली की खालची सूचना, मग जाहिरात, मग समोरच्या गोदामाच्या भिंतीवर लिहिलेलं सगळं. समोर पेपर वाचत बसलेल्या गृहस्थांनी शेवटी पेपर खाली घेतला.

"या मार्गाने पहिल्यांदाच चाललात वाटतं?" त्यांनी विचारलं.

"छे हो," ताई म्हणाली, "मी इथलीच. जरा वाचून बघतेय." आणि तिने त्यांच्या पेपरचा मथळाही वाचून दाखवला.