रोगाची आवड असलेले सर

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, माणसावर विश्वास बसायला वेळ लागतो, असं गावातले लोक मानाने म्हणत. खरं सांगायचं तर तो बसतच नसे. दूध घेऊन जाणाऱ्या गवळ्यापासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत प्रत्येकाकडे ते एकाच नजरेने बघत: हा आपल्याला नेमका कुठे फसवणार? ती नजर थोडीफार माझ्यातही उतरली आहे, म्हणून मला ती लांबून ओळखू येते.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या जूनमध्ये ते मला बी.एस्सी.ला घालायला नाशकात घेऊन आले. आमचं गाव निफाडच्या अलीकडे. घरची द्राक्षबाग होती आणि गावातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच मुलगी. फी भरायच्या आधी अण्णा वनस्पतिशास्त्र विभागाबाहेरच्या पाटीसमोर जाऊन उभे राहिले. पाटीवर प्रत्येक प्राध्यापकाचं नाव, पदव्या, विद्यापीठ, आणि शेवटी अभ्यासाची विशेष आवड, असं सगळं रंगवलेलं होतं. अण्णांनी चष्मा चढवला आणि मोठ्यांदा वाचायला लागले. विभागप्रमुखांची आवड गवत. एका बाईंची आवड शेवाळ.

"आपण गवत उपटायची मजुरी देतो," अण्णा म्हणाले, "आन् हितं त्याची आवड हाय म्हनून पगार देत्यात."

मी इकडेतिकडे बघितलं. सुदैवाने कोणी ऐकत नव्हतं. मग शेवटचं नाव आलं. प्रा. सावळीराम गांगुर्डे, एम.एस्सी., पुणे. विशेष आवड: द्राक्षावरील रोग.

अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. "रोगाची आवड," ते हळूच म्हणाले. "लता, या मानसापासून लांब राहायचं."

लांब कसली राहते! गांगुर्डे सर आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवायला होते. बारीक अंगाचे, कळवणकडचे, खडूचे हात पँटला पुसणारे. आमच्या भागात केवडा नावाच्या रोगाने बागाच्या बागा बसत. पानाच्या पाठीवर पांढरी बुरशी धरायची आणि बघता बघता घड गळायचे. सरांची पीएच.डी. याच केवड्यावर चालली होती. त्यांचं म्हणणं असं, की आपल्याकडच्या एका जुन्या वाणाला हा रोग लागत नसावा. ते सिद्ध करायला त्यांना त्या वाणाची एक ओळ हवी होती, औषध न मारलेली. वर्गात कोणाच्या घरी बाग आहे असं त्यांनी विचारलं, आणि मी शहाणीने हात वर केला. आमच्याकडे आजोबांनी लावलेली त्या वाणाची एक ओळ बांधाकडेला होती.

सर बाग बघायला आले तेव्हा अण्णांनी त्यांना चहा दिला, पण डोळा त्यांच्यावरून हलवला नाही. जाता जाता शेजारच्या बहिरूकाकांच्या बागेत सरांना केवडा लागलेलं एक पान सापडलं. सरांचा चेहरा असा खुलला, जणू नातेवाईकच भेटला. "वा! काय सुंदर धरलाय!" असं ते म्हणाले. बहिरूकाकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

झालं. अण्णांनी मनाशी सगळं जुळवून टाकलं. या माणसाने पोरीला शिकवायचं निमित्त करून आपली बाग गाठली. आता हा कुठूनतरी रोग आणून सोडणार आणि त्याच्यावर मोठी पदवी घेणार.

"मग नाही म्हणून सांगा ना," मी म्हटलं.

"नाय म्हनलं तर तुला नापास करील. प्रॅक्टिकलचे मार्क त्याच्याच हातात ना?"

म्हणजे संशयामुळेच त्यांनी होकार दिला! पण तो देताना सरांच्या तोंडावर अट घातली. मी तिथेच उभी होते.

"वळ घ्या, सर. ऑक्टोबरच्या छाटणीपास्नं माल निघंपर्यंत तिला आमी हात लावनार नाय. पर त्या वळीवर रोग दिसला, तर त्याच दिवशी पोरीचं कॉलेज बंद. मग माघारी काय बोलायचं नाय."

सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा स्वतःच्या सिद्धांतावर इतका विश्वास होता, की ते हसून म्हणाले, "खंडेरावभाऊ, रोग येणारच नाही."

माझं शिक्षण आता बांधाकडेच्या त्या एका ओळीला टांगलं होतं. आई स्वयंपाकघराच्या दारात होती. तिने सगळं ऐकलं आणि चहाच्या कपबश्या उचलल्या. आईला चौथीतून काढून लग्नाला उभं केलं होतं. ती त्याबद्दल कधी बोलत नसे, पण माझी पुस्तकं पदराने पुसल्याशिवाय कपाटात ठेवत नसे.

छाटणी झाली, पालवी फुटली, आणि त्या वर्षी पाऊस लांबला. सकाळी धुकं, दुपारी भुरभुर. केवड्याला याहून चांगलं काय हवं? बाकीच्या बागेवर अण्णा मोरचूद आणि चुन्याचा बोर्डो मारत होते. मारताना सरांच्या ओळीवर उडू नये म्हणून मधे गोणपाटाचा पडदा धरायचा, हे सरांनीच सांगितलं होतं. बहिरूकाकांच्या बागेत रोग शिरला. आमच्या सरांच्या ओळीवर मात्र एक डाग नाही.

आणि मग घरात जो तो दुसऱ्याकडे तिरक्या नजरेने बघायला लागला.

अण्णांना वाटलं, सरच चोरून औषध मारतात. सर रविवारी यायचे तेव्हा अण्णा त्यांची पिशवी मागून घ्यायचे. "जड असंल, धरतो," असं म्हणत ती चाचपून बघायचे. आत भिंग, चिमटा आणि पोळीभाजीचा डबा. अण्णांनी एकदा डब्याचाही वास घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मला संशय अण्णांचा. एकदा सकाळी एस.टी.ला निघताना मी बघितलं, तर गोठ्यात टांगलेल्या फवारणीच्या पंपाचा पट्टा ओला होता. आदल्या दिवशी फवारणी नव्हती. मला वाटलं, बाग वाचवायला हेच गुपचूप मारत असणार. मी पट्ट्याला हात लावून उभी होते तेवढ्यात मागून आई म्हणाली, "काय बघती? यष्टी जाईल." मी गेले. ज्या गोष्टीने माझं कॉलेज चालू होतं, ती खणून काढायची मला काय गरज होती?

सरांना एकदा पानांवर फिकट निळे ठिपके दिसले. त्यांनी विचारलं, "भाऊ, पडदा नीट धरता ना?" अण्णा भडकले. "माझ्या शब्दावर संशय घेता?" असं खुद्द अण्णांनी विचारावं, याचं मला हसू आलं. सर बिचारे वरमले. वाऱ्याने उडालं असेल, असं त्यांनीच स्वतःला समजावलं. त्यांना ती ओळ निरोगी हवी होती आणि ती निरोगी होती. त्याच्या पुढे त्यांनी बघितलं नाही.

माल निघाला आणि सर पेढ्यांचा पुडा घेऊन आले. ओसरीवर अण्णा होते, बहिरूकाका होते. सिद्ध झालं, ते म्हणाले. या वाणाला केवड्यासाठी फवारणीची गरज नाही. येत्या रविवारी ते सोसायटीच्या सभेत सगळ्या बागायतदारांना सांगणार होते, नंतर प्रबंधात लिहिणार होते.

बहिरूकाकांनी पेढा तोंडात टाकला. त्यांची निम्मी बाग त्याच वाणाची, ती मोरचूद मारून वाचली होती. दुसऱ्या वाणाची निम्मी त्या वर्षी केवड्याने गेली होती. "म्हंजे पुढल्या साली मोरचूद आनायलाच नको," ते म्हणाले. "सुटलो बाबा!"

आई चहा घेऊन बाहेर आली होती. तिने ताट खाली ठेवलं.

"बहिरूभाऊ, तसं करू नका. बाग बसंल तुमची." तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. "त्या वळीला मी बोर्डो मारला. पातळ करून. हे मळ्याच्या पल्याड गेले का मारायची."

अण्णांनी सरांवर नजर ठेवली होती, गड्यांवर ठेवली होती, माझ्यावरही ठेवली असेल. जिच्या हातचं रोज जेवत होते तिच्याकडे त्यांनी वळून पाहिलं नव्हतं. मीही नव्हतंच पाहिलं.

सरांच्या हातातला पुडा तसाच राहिला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "वहिनी," ते म्हणाले, "माझं सगळं वर्ष वाया गेलं."

"तुमचं वरीस गेलं, सर," आई म्हणाली. "माझ्या पोरीचं आयुष्य जात व्हतं."

सर उठले आणि चहा न घेता गेले. मला त्यांची भयंकर कीव आली, आणि आईच्या पायावर डोकं ठेवावंसंही वाटलं. दोन्हींतलं काहीच केलं नाही. अण्णांकडे बघायची हिंमत नव्हती. आता ते बोलणार आणि माझं संपणार, म्हणून मी खांबाला धरून उभी राहिले. पण ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत, तिसऱ्या दिवशी नाहीत. मी रोज एस.टी.त बसत होते आणि रोज वाटायचं, ही शेवटची.

पुढच्या ऑक्टोबरात छाटणी झाली तेव्हा अण्णा मला म्हणाले, "तुझ्या सरला सांग, वळ ठेवलीय. या खेपेला कोन मारतंय बघतो."

त्यांनी पंप कुलपात घातला आणि किल्ली करगोट्याला बांधली. ओळीच्या तोंडाशी बाज टाकली. दिवसभर तिथेच. आई न्याहारी घेऊन गेली तरी बांधावर ठेवायला लावत, आत येऊ देत नसत. गावातले लोक चेष्टा करायचे, की खंडेराव रोगाची राखण करतोय. अटीबद्दल ते काही बोलले नव्हते आणि विचारायची माझी छाती नव्हती. सर रविवारी येत, पानं उलटीपालटी करून बघत आणि मान खाली घालून परत जात. आईशी ते बोलत नसत.

मग एका धुक्याच्या सकाळी मी वेणी घालत होते आणि अण्णा मळ्यातून आले. त्यांच्या हातात ओल्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. माझे हात थांबले. आई चुलीपासून उठून उभी राहिली.

अण्णांनी फडकं उलगडलं. पानाच्या पाठीवर पांढरी बुरशी दाट धरली होती. "शेजारच्या दोन वळीबी गेल्या," ते म्हणाले.

आईने तोंडाला पदर लावला. मी वेणी तशीच सोडून दिली. रडू आवरत नव्हतं.

"रडती कशाला?" अण्णांनी फडकं पुन्हा नीट गुंडाळलं आणि माझ्या डब्याच्या पिशवीत वरच्या अंगाला ठेवलं. "यष्टीचा टाइम झालाय. आन् हे सरच्याच हातात दे. टेबलावर ठिवून येऊ नको. तिथं तो गवतवाला हाय, बदलून टाकील."