डबी एका वेळी एकाशीच बोलते

शंका सगळ्यांनाच येतात आणि जातात. ह्या गृहस्थाकडे मात्र त्या कायमच्या मुक्कामाला होत्या. पाहुणा लवकर निघाला तर "का निघाला?", आणि बसून राहिला तर "का निघत नाही?" मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने, त्याचं नाव शंकासुर ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की खरं नाव फक्त लायसन्सवर उरलं.

शंकासुराची स्वतःची गाडी होती आणि हॉस्पिटलशी करार होता. मूत्रपिंडाच्या रुग्णांना रोज सकाळी घरून उचलायचं, डायलिसिसला पोचवायचं आणि दुपारी घरी सोडायचं. मशीन वेळेवर लागतं, म्हणून माणूसही वेळेवर पोचायला हवा. हॉस्पिटलमध्ये गाड्यांचं बघणारी बाई ह्या बाबतीत कुणाचंही ऐकून घेत नसे.

सगळं जग फोन पाहून गाडी चालवत असताना शंकासुर चालवायचा एका जुनाट हँडहेल्डवर, म्हणजे रस्ता सांगणाऱ्या तळहाताएवढ्या यंत्रावर. त्याला तो पाटी म्हणायचा, कारण तिला टोचायला एक पेन्सिलीसारखी काडी होती. पाटीला स्वतःला आपण कुठे आहोत ते कळत नसे. ते कळायचं काडेपेटीएवढ्या एका रिसीव्हरला. त्याचं नाव डबी. डबी काचेखाली चिकटवलेली असायची, उपग्रहांचं ऐकायची आणि वायरीवाचून पाटीला सांगायची. मग पाटीतली बाई खणखणीत आवाजात सांगे, "पुढे उजवीकडे वळा."

"फोन घ्या ना दाजी," मेहुणा म्हणायचा.

"फोन आपण कुठे आहोत ते साऱ्या गावाला सांगतो. माझी डबी फक्त ऐकते, चुगली करत नाही."

हे कारण खरं होतं, पण निम्मंच. उरलेलं निम्मं त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. गेलं वर्षभर त्याला रस्त्यावरचे फलक वाचता येत नव्हते. अक्षरं पिंजलेल्या लोकरीसारखी दिसायची. गाड्या दिसतात, माणसं दिसतात, नुसती अक्षरं तर नाही दिसत, अशी तो स्वतःची समजूत घालायचा. पाटीतल्या बाईचा आवाज कानात असला की फलकांवाचून निभायचं. पण हे हॉस्पिटलला कळलं असतं तर करार गेला असता, आणि गाडी सोडून दुसरं काही त्याला येत नव्हतं. त्याला भीती वाटत होती.

आणि नेमकी ती बाईच बोलेनाशी झाली.

पहाटे तो गाडीत बसला, डबीचं बटण दाबलं, पाटी चालू केली. पाटीने लिहिलं ते त्याने डोळ्यांजवळ धरून वाचलं: रिसीव्हर सापडला नाही. पाटीवर पुन्हा शोधलं, तेच. काडीने सगळ्या खिडक्या उघडून पाहिल्या, पाटी बंद करून चालू केली, देवाचं नाव घेतलं. शेवटी तसाच निघाला, गल्लीच्या तोंडाशी थांबून पुन्हा खटपट केली, आणि डबी लगेच सापडली! पण उपग्रह जुळून बाई बोलायला लागेपर्यंत उशीर झाला तो झालाच.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. घराशी अबोला, गल्लीच्या तोंडाशी गप्पा.

मागच्या सीटवर डायलिसिसला निघालेल्या मास्तरीणबाई असायच्या. निवृत्त शिक्षिका, अंगाने काडी, आवाजाने घंटा. त्यांना एक खोड होती. रस्त्यावरचा प्रत्येक फलक मोठ्याने वाचायच्या. "पुढे शाळा आहे. वेग कमी करा." "रस्ता बंद, डावीकडून जा." शंकासुराला ते आवडत नसे. आपण काय पहिलीत आहोत? वर त्याला असंही वाटायचं, की ही बाई आपली परीक्षा घेते आहे आणि हॉस्पिटलच्या बाईला निकाल कळवते आहे. त्या दिवशी हॉस्पिटलच्या दारात गाड्यांवाली बाई उभीच होती.

"पुन्हा उशीर झाला तर मला दुसरी गाडी बघावी लागेल," ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं सांगून आत गेली.

शंकासुर तडक दुरुस्तीवाल्याकडे गेला. जुनी यंत्रं दुरुस्त करणारा हा माणूस स्वतः कधी दुरुस्त झाला नव्हता. कायम तिरका. त्याने आधी सांगितलं, बॅटरी गेली. बॅटरी चांगली निघाली. मग म्हणाला, पाटीत जोडणीचा पोर्ट चुकीचा निवडलाय. तोही बरोबर निघाला. मग म्हणाला, दोघांची जुनी ओळख पुसून नवी करून देऊ. ती करून दिल्यावर डबी आणि पाटी अशा बोलायला लागल्या, की जणू कधी भांडल्याच नव्हत्या.

"घरी बोलत नाहीत," शंकासुर म्हणाला.

"मग घरात काहीतरी बिघाड आहे," दुरुस्तीवाला म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

झालं! एवढं वाक्य शंकासुराला पुरेसं होतं. घरी येईपर्यंत त्याने आधी दुरुस्तीवाल्याला आरोपी केलं, मग त्याला सोडून दिलं, कारण त्याच्यात तेवढी चिकाटी नव्हती. उरला मेहुणा. मेहुण्याचीही भाड्याची गाडी होती. हॉस्पिटलचा करार कुणाला नको असतो? आणि हल्ली तो दुपारचा येऊन जायचा. शंकासुर पहाटे उठायचा, म्हणून दुपारी जेवून मेल्यासारखा झोपायचा. जाग आली की कपात चहाचा गाळ दिसायचा आणि बायको म्हणायची, "दादू येऊन गेला."

"कशाला आला होता?"

"बहिणीकडे कशाला येतात?"

कुठेतरी पाणी मुरत होतं. शंकासुराने गाडीवर पाळत ठेवली. आणि सापडलंच! ड्रायव्हरची सीट पुढे सरकलेली होती. आरसा खाली झुकलेला होता. कुणीतरी गाडी चालवत होतं. आता मेहुणा ताडमाड उंच, सीट पुढे घेऊन बसला असता तर गुडघे कानाशी आले असते. पण शंकासुर असा सहजासहजी फसणारा नव्हता. त्याने ताडलं: उंच माणसावर संशय येऊ नये, म्हणून मुद्दाम पुढे सरकवली. केवढा हा कावेबाजपणा!

त्याने बायकोला विचारलं, "दुपारी गाडीकडे कुणी जातं का?"

बायको घरीच शिवणकाम करायची, लोकांचे कपडे आखूड-सैल करून द्यायची. तोंडात टाचण्या होत्या. तिने त्या एकेक करून काढल्या आणि म्हणाली, "काचेवर धूळ होती, मी पुसते कधीकधी."

"सीटवर बसून?"

"उभ्याने हात पोचत नाही." आणि टाचण्या पुन्हा तोंडात.

बायकोवर त्याने आजवर एकदाही संशय घेतला नव्हता. ही त्याची एकमेव ऐष होती. त्या दुपारी तीही गेली. बहीण-भावाचं संगनमत आहे, आपल्याला गाडीतून उठवायचा बेत आहे, असं त्याच्या मनाने घेतलं. तो झोपेचं सोंग घेऊन पडला, पण सवयीचा गुलाम, खरंच घोरायला लागला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दुरुस्तीवाल्यासमोर जाऊन बसला. ह्या वेळी हललाच नाही. वैतागून दुरुस्तीवाला म्हणाला, "डबीवर निळा दिवा आहे ना? पाटीला ती सापडत नसेल तेव्हा तो कसा लुकलुकतो ते बघा. भरभर लुकलुकला तर डबी कुणालातरी शोधतेय. सावकाश लुकलुकला तर तिला कुणीतरी मिळालंय."

"मिळालंय म्हणजे?"

"दुसरं यंत्र. ही जुनी डबी एका वेळी एकाशीच बोलते. आधी येईल त्याची. दुसरा आला की त्याला नाहीच म्हणते."

निळा दिवा शंकासुराला धड दिसतच नव्हता. खसखशीएवढा दिवा, त्याच्या डोळ्यांना नुसता निळा डाग. आणि "जरा बघ गं" असं म्हणायला घरात भरवशाचं माणूस उरलं नव्हतं.

पहाटे त्याने डोक्यावरून जुनी चादर घेतली, डबी काढून त्यातल्या त्यात बऱ्या डोळ्याला भिडवली आणि बटण दाबलं. पहिले काही क्षण डाग थरथरला. मग स्थिर झाला. लागला, विझला. थांबून पुन्हा लागला. सावकाश. पाटी अजून त्याने चालूही केली नव्हती.

कुणीतरी जवळ होतं. गाडी तर स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून उभी.

त्याने डबी बंद केली. आजवर पहाटे एकदा चालू केल्यावर घराशी त्याने ती कधी बंद केली नव्हती, निघायच्या घाईत ती तशीच चालू राहायची. बटण दाबलं आणि खिडकीतून, त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातून, त्याच्या पाटीतली बाई खणखणीत आवाजात बोलली:

"रिसीव्हरशी संपर्क तुटला."

तो आत गेला तेव्हा बायको शिवणाच्या डब्यावर दोन्ही हात दाबून उभी होती. डब्यात, रिळांच्या खाली, चार्जरला लावलेली दुसरी पाटी होती. तशीच जुनी, तीच काडी.

"माझ्यावर नजर ठेवतेस?" त्याचा आवाज फाटला. "मी कुठे जातो, कुठे थांबतो, भावाला कळवतेस? करार पाहिजे त्याला? सरळ मागायचा ना!"

बायकोने त्याला हाताला धरून खिडकीशी आणलं. बाहेर उजाडलं होतं.

"समोरच्या भिंतीवर काय लिहिलंय, वाचा."

"आता हे काय मध्येच?"

"वाचा, अहो."

शंकासुराला ती भिंत पाठ होती. लग्न झाल्यापासून पाहत होता. त्याने डोळे बारीक केले, जरा वेळ घेतल्यासारखं केलं आणि म्हणाला, "सायकलींचं दुकान. नव्या-जुन्या सायकली, मागच्या गल्लीत. खाली बाण."

"ती भिंत गेल्या महिन्यात पांढरी केली," बायको हळू म्हणाली. "काहीच नाही तिच्यावर."

तो भिंतीकडे बघत राहिला. अजूनही त्याला तिथे काहीतरी लिहिलेलं दिसत होतं.

"तुम्ही चहा कपाबाहेर ओतायला लागलात तेव्हाच मला कळलं. मी बोलले असते तर तुम्ही चालते झाला असता. म्हणून दादूकडून गाडी शिकले. लायसन्स काढलं. दुपारी तुम्ही झोपलात की तुमचाच रस्ता गिरवते. मास्तरीणबाईंच्या दारापासून हॉस्पिटलपर्यंत. माझे डोळे चांगले आहेत, पण मला रस्ते माहीत नाहीत, म्हणून दादूने ही पाटी शोधून आणली. चालूच राहते ती, बंद करायचं माझ्या लक्षात येत नाही. पण तुमची डबी ती पळवते, हे मला खरंच माहीत नव्हतं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "उशीर माझ्यामुळे झाला."

शंकासुराला राग यायला हवा होता, आला नाही. लाज आली. बायकोवर संशय घेतल्याची तर आलीच, पण तिच्याहून मोठी दुसरीच. वर्षभर तो आजारी माणसांना मागे बसवून अंदाजाने गाडी हाकत होता. नुसती अक्षरं तर नाही दिसत! हे वाक्य आता त्याला स्वतःशीसुद्धा उच्चारवेना.

"हॉस्पिटलवाली चालवू देईल का तुला?" त्याने विचारलं.

"विचारून ठेवलंय. गाडी वेळेवर पाहिजे, म्हणाली, चालवणारा लायसन्सवाला पाहिजे. आणि मास्तरीणबाई मशीनवर गेल्या की आपण तिथेच वर जायचं. डोळ्यांच्या विभागात."

"त्याचंही विचारून ठेवलंस?"

"हो."

त्याने ह्यातही काही डाव आहे का ते सवयीने शोधून पाहिलं. सापडला नाही. मग गाडीत येऊन त्याने डबीचं बटण दाबलं आणि आपली पाटी बंदच ठेवून खिशात घातली. बायकोने तिची पाटी समोर ठेवली, सीट पुढे घेतली, आरसा खाली केला. तो शेजारी बसला, एका हाताने दाराचं हँडल घट्ट धरून, ब्रेक असल्यासारखा रिकाम्या जागी पाय दाबून. वाटेत तो चार वेळा "बघ हं" म्हणाला, आणि चारही वेळा तिने आधीच बघितलं होतं.

मास्तरीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पुढे कोण बसलंय ते वाकून पाहिलं, काही न विचारता मागे बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली.

गाडी निघाली. शाळा आली. शंकासुराने कान टवकारले. मागून काही आलं नाही. बंद रस्त्याचं वळण आलं, पाटीतल्या बाईने सांगितलं, बायको वळली. मागे सामसूम. त्याला राहवलं नाही.

"बाई, आज फलक नाही वाचले?"

मास्तरीणबाईंनी डोळे मिटून मान मागे टेकवली होती.

"आज तुमची बायको वाचते आहे ना," त्या डोळे न उघडताच म्हणाल्या. "वर्षभर तुमच्यासाठी मी वाचलं. दमले हो मी."

आणि हॉस्पिटल येईपर्यंत त्या गाढ झोपल्या.