कापसाची खाज

मांजरीले औषध लावायचं म्हणजे एकानं धरायचं, दुसऱ्यानं लावायचं, आन् मंग दोघायनंही आपापल्या ओरखड्यायले हळद लावायची. आमच्या घरी धरायलेही आमचा बुढा, म्हणजे माहा नवरा, आन् लावायलेही तोच. मी हात लावत नव्हती. मले मांजर पहिल्यापासूनच आवडत नाही.

भुरी नाव तिचं. दिवाळीनंतर तिच्या कानामागचे केस गळून गोल चट्टा पडला, मंग शेपटीजवळ दुसरा. राळेगावच्या ढोरायच्या डॉक्टरीणबाईनं पाहताच सांगितलं, गजकर्ण आहे, माणसालेही लागते. मलम दिलं, गोळ्या दिल्या, आंघोळीचं औषध दिलं. मांजरीले आंघोळ, घ्या! घरी येऊन मी बुढ्याले सांगूनच टाकलं, "हे पाहा, प्रेरणा माहेरी पहिल्या बाळंतपणाले येऊन राह्यली. घरात एकाही माणसाच्या अंगावर चट्टा दिसला, तं त्या दिवशी मांजर घराबाहेर. मंग माह्याशी बोलायचं नाही."

 बुढा माणसायशी कमीच बोलते. संध्याकाळी वावरातून आला का खाटेवर आडवा, भुरी पोटावर, आन् दिवसभराचं सारं तिले सांगणं. बैल काहून बुजला, तुरीवर अळी कुठं दिसली, हे मले तो तिले सांगतानाच समजे.

औषध चालू झालं. चट्टे जायचे, बारीक केस यायचे, मी म्हणो सुटली एकदाची पीडा, का पुन्हा नवा चट्टा. गोधड्या उकळल्या. खाट उन्हात टाकली. भुरीचं निजायचं पोतं जाळून टाकलं. डॉक्टरीणबाईनं गोळ्या बदलून पाहल्या. "घरात कोणाले खाज सुटते का?" तिनं विचारलं. मी म्हणली, "सगळ्यायलेच. कापूस भरला आहे ना घरात!"

खोटं नव्हतं ते. भाव चढंल म्हणून समोरची खोली छतापर्यंत भरलेली. घरात कापूस असला का अंगाले खाज सुटते, हे आमच्याकडं लेकरालेही माहीत. माहा पोरगा पिंटू खाजवे, सून खाजवे, मीही खाजवो, बुढाही खाजवे. काहून खाजवून राह्यला, असं कोणी कोणाले विचारत नव्हतं.

मंग एक दिवस कापूस विकला. खोली झाडून धुतली आन् आठवड्याभरात सगळ्यायची खाज थांबली. बुढ्याची थांबली नाही.

मी पाहत होती. आंघोळीलेही बुढा बनियन काढे ना. शेवटी मीच जाऊन बनियन वर ओढलं. पोटावर, जिथं भुरी निजते तिथंच, हे मोठे गोल चट्टे.

"कवापासून आहे हे?"

"भुरीले पहिला चट्टा पडला तवापासून."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तू तिले काढली असती."

मले असा राग आला का काय सांगू! मांजर बिचारी औषधानं बरी व्हायची, आन् याच्याच पोटावर निजून पुन्हा घेऊन यायची. आम्ही पोतं जाळलं, गोधड्या उकळल्या, आन् रोग बनियनखाली झाकलेला.

"आजच काढतो तिले," मी म्हणली.

"तिले नको काढू. मीच जातो," बुढा म्हणला. अंथरूण गुंडाळलं, भुरीले काखेत घेतलं आन् वावरातल्या बैलायच्या कोठ्यात राहायले गेला.

यवतमाळच्या चामडीच्या डॉक्टरनं त्याले औषध दिलं. तिकडं प्रेरणा आली, बाळंत झाली, पोरगी झाली. बुढ्यानं नातीले दवाखान्याच्या दारातूनच पाहलं, दोन्ही हात मागं बांधून. मले त्याची कीव आली, पण राग काही गेला नव्हता.

मंग त्याले डॉक्टरनं साफ बरं झालं म्हणून सांगितलं. मी डबा घेऊन हौसेनं वावरात गेली. "चला, आता घरी."

"भुरीचं राह्यलं ना अजून. कानामागं थोडंसं आहे."

"मंग?"

"मी चूप राह्यलो म्हणून तिचं इतकं लांबलं. आता तिले एकटीले टाकून येऊ?"

"अवो, नातीले अजून मांडीवर घेतलं नाही तुम्ही!"

"माहीत आहे वं मले," तो म्हणला.

"माह्या दोन्ही बाळंतपणात एक रात्र थांबले नाही तुम्ही. आन् या मांजरीसाठी कोठ्यात राहून राह्यले!"

तो खाली मान घालून भुरीच्या पाठीवरून हात फिरवत बसला. मी मंग डबा खाली ठेवला.

"आणा ते मलम इकडं. धरा तिले."

त्यानं धरलं, मी लावलं. मांजर इतकी मऊ असते हे मले माहीत नव्हतं. ओरखडलंही नाही तिनं.

"लवकर बरी होय वं बाई," मी तिच्या कानाशी म्हणली, "माह्या नातीच्या आबाजीले घरी येऊ दे."