घरात कोणालाच नव्हतं

सरिता दाराशी मेथी निवडत होती. रायपूर राजधानी होऊन आठ वर्षं झाली होती. तिचा बावीस वर्षांचा मुलगा लोकेश पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होता. त्याआधीचे पंधरा दिवस तो झोपलाच नव्हता. सदर बाजारात मोबाइलचं दुकान टाकायचं म्हणून पाट्यांचे नमुने काढत बसला होता. ‘सरिता मोबाइल.’

“आज दवाखान्यात नेतो त्याले,” दीर दयाराम म्हणाले. “पण घरचं काही बोलू नको, वहिनी. पायलचं गोंदियाचं स्थळ पक्कं होऊन राहिलं. बात पोहोचाले येळ नाही लागत.”

पायल लोकेशची बहीण. आणि घरचं म्हणजे हरिदासचं. सरिताचा नवरा हरिदास उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कामाला होता; त्यानं बारा वर्षांपूर्वी आत्महत्या केली होती. त्याच्या आधी त्याच्या बापानं. शाळेतून आलेल्या दहा वर्षांच्या लोकेशनं हरिदासला सगळ्यांत आधी पाहिलं. त्याच संध्याकाळी दयारामांनी त्याला पढवलं, “कोणी इचारलं तर हार्ट अटॅक सांगजो.” त्यानं सांगितलं. शाळेत, शेजारी, नातेवाइकांत. त्यानं काय पाहिलं, हे मात्र घरात कोणी विचारलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “परिवार में किसी को ऐसी तकलीफ थी? किसी ने जान दी हो?”

लोकेशनं आईकडे पाहिलं. सरितानं मान खाली घातली.

“नहीं मॅडम, खानदान एकदम साफ है,” दयाराम म्हणाले. “आलसी है पोट्टा, और कुछ नहीं.”

लोकेश किंचित हसला. “हव मॅडम. घर में किसी को नहीं.”

बाईंनी तसं लिहून घेतलं, औषध दिलं. पुढच्या मंगळवारी त्याच्याशी एकट्याशी बोलायचं ठरवलं.

लोकेशनं रविवारी जीव दिला.

लोकेशच्या पुण्यानुमोदनाला बुद्धवंदना झाली. गोंदियाची माणसंही आली होती. दयाराम त्यांना सांगत होते, “झटका आला. बापासारखाच.”

“झटका नाही आला,” मागून सरिता म्हणाली. “माह्या पोरानं जीव देला. त्याच्या बापानं, आज्यानंही. दहा वर्षांच्या लेकराले आपण खोटं पढवलं, भाऊजी. त्यानं ते शेवटपर्यंत सांभाळलं.”

“वहिनी, पोट्टीचं काय होईन?”

“तिचंच पाहून राहिली.”

आठ दिवसांत स्थळ मोडलं. पायल म्हणाली, “अच्छा हुआ, मम्मी.” पण तिचं जेवण सुटलं होतं. कॉलेजला जाते म्हणून निघायची आणि तलावाकाठच्या बाकावर दिवसभर बसायची. कळलं तसं सरितानं तिला त्याच दवाखान्यात नेलं. दयाराम आले नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी सरिताला समजावलं. हा आजार घराण्यातून येऊ शकतो, पण तो सगळ्यांनाच होतो असं नाही. लहानपणी बसलेला घाव दाबून ठेवला, तर धोका वाढतो. आधी कळलं, तर पुष्कळांना वाचवता येतं.

“लोकेशच्या वक्ताले सांगतलं असतं तर?” सरितानं विचारलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “पक्का नहीं कह सकती. लेकिन मैं उसे मंगलवार तक नहीं छोड़ती.”

मग त्यांनी कोरा कागद घेतला आणि तोच प्रश्न विचारला. पायलनं आईकडे पाहिलं.

सरितानं या वेळी मान खाली घातली नाही.

“लिखो मॅडम,” ती म्हणाली. “तीन नाम हैं.”