ग्रुपवरची माफी

"कोणी केलं, त्याचं नाव मला नकोय," सरलादेवी टीचर म्हणाल्या. "पण संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने ग्रुपवर अखिलाला सॉरी म्हणायचं."

नववीचा वर्ग माना खाली घालून बसला होता. शाळेतल्या बतुकम्माच्या सणाला फुलांनी रचलेल्या गोपुराभोवती मुलींनी फेर धरला, तेव्हा गाण्याची ओळ अखिला सांगत होती. वरच्या सुरावर तिचा आवाज फाटला. कोणीतरी व्हिडिओतला नेमका तेवढाच तुकडा कापून वर्गाच्या ग्रुपवर टाकला. तेव्हापासून कोणी गृहपाठ विचारला तरी उत्तर म्हणून तोच तुकडा यायचा.

तास सुटल्यावर अखिला टेबलापाशी आली. "टीचर, नका ना सांगू त्यांना. विसरतील ते."

"अगं, चूक कबूल नको का करायला? तू कशाला घाबरतेस?"

टीचर जीवशास्त्र शिकवायच्या. मुलांनी फोनवर एकमेकांशी नीट बोलावं, यासाठीचा तास त्यांनी हौसेने मागून घेतला होता.

संध्याकाळी त्या ग्रुप उघडून बसल्या. 'सॉरी अखिला.' 'सॉरी गं.' त्यांना बरं वाटलं. मग वंशीचं आलं, 'सॉरी गायिकाबाई, कान बरे झाले की कळवतो.' त्या दिवशी गैरहजर असलेल्या एकाने विचारलं, 'सॉरी कशाबद्दल?' लगेच कोणीतरी तुकडा पुन्हा टाकला. त्यानंतर प्रत्येक सॉरीच्या खाली तो येऊ लागला.

टीचरनी लिहिलं, 'थांबा.' त्याच्याखालीही तोच तुकडा आला.

थोड्या वेळाने अखिला ग्रुपमधून बाहेर पडल्याची ओळ दिसली. दुसऱ्या दिवशी तिचा बाक रिकामा होता. त्यानंतरही रिकामाच राहिला.

सणाच्या शेवटच्या दिवशी फुलांची गोपुरं पाण्यात सोडतात, त्या तलावाकाठी टीचर गेल्या. अखिलाच्या गल्लीचा फेर ओळखीचा होता. तिथे दरवर्षी गाण्याची ओळ अखिलाच सांगायची, बायका मागून म्हणायच्या. आज आईने तिला हाताला धरून आणलं होतं. नव्या परिकिणीत, लांब घोळदार परकरात, ती उभी होती.

"अखी, सुरू कर की गं! उभं राहून पाय मोडले माझे," एक म्हातारी ओरडली.

"हिचे नखरे बघा," दुसरी हसली. "बोलावणं पाठवायचं का तुला?"

अखिलाने वर पाहिलं. भोवती सगळीकडे फोन उंचावलेले होते. सरलादेवींनी आपला फोन घाईने खाली घेतला.

तेवढ्यात अखिला वाकली आणि तिने टाळी वाजवली. सगळ्यांनी वाजवली. एक पाऊल पुढे, पुन्हा टाळी. बायका तिच्या तोंडाकडे बघत ओळीची वाट पाहत राहिल्या.

फेर तसाच, नुसत्या टाळ्यांवर फिरत राहिला.